कोणाच्या दारी जावे?

शास्त्रपाठ : २ शमुवेल १२:१-१३



ताण्यातील धागा तुटला की शहापूरचा विणकर माग थांबवितो आणि गाठ मारूनच पुढे विणतो. नाहीतर दोष सबंध लुगड्यात उतरतो. घराचा माग मात्र पुष्कळदा तुटलेल्या धाग्यासह वर्षानुवर्षे चालू ठेवला जातो. ‘आई कुठे काय करते!’ ही दूरचित्रवाणी मालिका अशाच एका घराची कथा होती. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ या काळात ती प्रसारित झाली. सीमाभागातील आपल्या मराठी घरांतूनही दिवेलागणीनंतर तिचे सूर ऐकू येत.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास अरुंधती देशमुखला कळते की, पती अनिरुद्धचे संजनाशी संबंध आहेत. मधुराणी प्रभुलकर यांनी हे दुःख केवळ आकांताने नव्हे, तर डोळ्यांतून आणि ओठांवर अडलेल्या शब्दांतून उभे केले. मिलिंद गवळी यांनीही अनिरुद्धला राक्षस केले नाही. स्वतःचेच बरोबर असे मानणारा, चारचौघांसारखा गृहस्थ त्यांनी दाखविला. म्हणूनच तो ओळखीचा वाटला. चांगल्या अभिनयाचे सामर्थ्य हेच की, परके दुःख तो आपल्या अंगणात आणून ठेवतो.

पण पुढे काय? दावीद राजानेही एक कथा ऐकली होती. गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने हिरावून घेतली, हे ऐकताच राजा संतापला. संताप खरा होता, परंतु तो दुसऱ्यावर होता. तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला सांगितले की, तो श्रीमंत दुसरा कोणी नसून राजा स्वतःच आहे. येथे कथेचे काम पूर्ण झाले. मालिकेच्या शेवटी नाथान येत नाही; जाहिरात येते. आपण डोळे पुसतो आणि स्वयंपाकघराकडे पाहून विचारतो, “अजून जेवण झाले नाही का?”

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नाथान बथशेबेकडे सोशिकपणाचा उपदेश करावयास गेला नाही. तो अपराध करणाऱ्याच्या दारी गेला. आपल्या मंडळ्यांत घर मोडावयास आले की, आपण बहुधा प्रथम बहिणीलाच सांगतो, “सहन कर, प्रार्थना कर.” प्रार्थना अवश्य करावी. पण भावाच्या दारी कोण जाणार? क्षमा ही सत्यावर पांघरूण घालणे नव्हे. दावीदाला क्षमा मिळाली, ती त्याने पाप कबूल केल्यावर. आणि तरीही त्या पापाचे परिणाम त्याच्या घराला भोगावे लागले.

म्हणून वडील मंडळींनी पुढच्या वेळी आधी कोणाच्या दारी जायचे ते ठरवावे. कुटुंब-प्रार्थनेत प्रत्येकाने मनाशी विचारावे की, या घरात न बोलता रडणारे कोणी आहे काय? संडेस्कूलच्या शिक्षकांनी मुलांना एवढेच सांगावे, “आईने आज सकाळपासून काय काय केले, ते लिहून आणा.” मालिकेच्या नावातील टोमण्याला मुलांच्या वह्याच उत्तर देतील.

पडद्यावरील अरुंधतीसाठी ज्या डोळ्यांना पाणी येते, त्याच डोळ्यांना प्रभू आपल्या घरातील माणसे दाखवो. आमेन.