न्हाणीघरातला हिचकॉक

मी मुळातच भित्रा माणूस आहे. हे विनयाने म्हणत नाही. आमच्या घरात कुणालाही विचारा. रात्री पाणी प्यायला उठलो, तर आधी हात लांब करून स्वयंपाकघरातला दिवा लावतो, दोन मिनिटं बाहेरच थांबतो, आणि मग आत जातो. परत येताना दिवा मालवायचा धीर होत नाही, म्हणून तो सकाळपर्यंत जळतो. विजेचं बिल आलं की सौ. जे बोलते, त्यातला निदान एक तृतीयांश भाग या सवयीला उद्देशून असतो.

असं असूनही मला भयपटांचं वेड आहे. मधुमेहाचा माणूस लग्नाच्या पंगतीत नेमका जिलबीच्या परातीजवळचं पान धरतो, त्यातला प्रकार. आणि आम्हा भयपटवाल्यांचा एक ठरलेला वैरी असतो. भूत नव्हे. भुताशी आमचं बरं चाललेलं असतं. वैरी म्हणजे जुना गाजलेला भयपट नव्याने काढणारा माणूस. अशी बातमी आली की आम्ही आठवडाभर सुतकात असतो. 'काय गरज होती?' 'मुळात काय कमी होतं?' असं एकमेकांना विचारतो. आणि सिनेमा लागला की पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला रांगेत आम्हीच! शिव्या घालायच्या तर आधी पाहायला नको का?

गेल्या दिवाळीत कन्या होस्टेलवरून घरी आली. फराळाचं ताट पुढे ओढत म्हणाली, "बाबा, मी 'सायको' पाहिला. इतकी घाबरले, की त्या रात्री मैत्रिणीला बाथरूमबाहेर उभं केलं."

मला धन्य वाटलं. आपल्या पश्चात पीएफ आणि भित्रेपणा यांपैकी निदान दुसरं तरी वारसाला पोचलं! मी उत्साहाने विचारलं, "ते रक्त पाण्याबरोबर वाहत जातं, ते पाहिलंस ना?"

"हो ना! लालभडक!"

माझ्या हातातली चकली तशीच राहिली. हिचकॉकचा 'सायको' 1960 सालचा, काळापांढरा. त्यातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सरबत होतं. लाल रक्त दिसलं, म्हणजे कन्येने पाहिला तो 1998 सालचा. गस व्हॅन सँट नावाच्या दिग्दर्शकाने पुन्हा काढलेला.

"अगं, तो खोटा!" मी ओरडलो.

पुढे अर्धा तास मी बोलत होतो. व्हॅन सँटने जवळजवळ एकेक दृश्य मुळाबरहुकूम उतरवून काढलं, जोसेफ स्टेफानोची पटकथा तीच, बर्नार्ड हरमनचं नुसत्या तंतुवाद्यांवरचं संगीत तेच, मग नवीन काय केलं? रंग फासला! कन्या ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पण बाबा, मी घाबरले ते खरंच घाबरले ना?" आणि ताट उचलून आत गेली. नंतर दोन दिवस तिने माझ्याशी सिनेमाचं अक्षर काढलं नाही. सौ. म्हणाली, "पोरगी आनंदाने सांगायला आली होती. तुम्हाला कशाला हवी होती मास्तरकी?"

आता माझी बाजू ऐका. मी 'सायको' पाहिला तेव्हा बारा वर्षांचा होतो. सांगलीला आमच्या वाड्यात वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणला होता. तीन कॅसेटी. पहिली म्हाताऱ्यांसाठी पौराणिक, दुसरा रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर', आणि तिसरी 'इंग्लिश', जी मोठी मंडळी झोपल्यावर लावायची होती. पण 'पुराना मंदिर'मधल्या सामरीला पाहिल्यावर एकटं घरी जाऊन झोपायची कुणाची छाती होईना, त्यामुळे सगळा वाडा 'इंग्लिश'ला बसला. खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नका, असं हिचकॉकने 1960 साली थिएटरवाल्यांना बजावलं होतं म्हणतात. आमच्याकडे समोरच्या काकू मध्यावर आल्या आणि "ही कोण? हिचं लग्न झालंय का?" असं विचारत पुढच्या सतरंजीवर बसल्या. काकू तोंड उघडायला आणि ती बाई न्हाणीघरात शिरायला एक गाठ पडली.

पुढे महिनाभर मी अंघोळीचा धसका घेतला होता. वास्तविक आमच्या न्हाणीघरात शॉवर नव्हता, पडदा नव्हता. तांब्याचा बंब, बादली आणि खालून हातभर कुजलेलं दार. अमेरिकेतला खुनी तिथे सुरा घेऊन आला असता तर पहिल्यांदा धुराने खोकला असता. पण भीतीला हिशेब कळत नाही. शेवटी दादा दाराबाहेर उभा राहायला लागला. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी आत तांब्यावर तांब्या ओतायचो आणि तो बाहेर मोठमोठ्याने तेरा ते एकोणीसचे पाढे म्हणायचा. आवाज थांबला तर मी ओरडायचो. माझे एकोणीसपर्यंतचे पाढे पाठ झाले ते हिचकॉकमुळे, आणि बँकेत लागलो तेही कदाचित त्याच जोरावर. एवढं सगळं ज्याच्याशी बांधलेलं आहे, ते कुणी येऊन पुन्हा, रंगीत करून ठेवावं?

शिवाय बँकेतल्या माणसाची एक खोड असते. चेकवरच्या सह्या ताडून पाहण्यात माझी हयात गेली. अगदी नवीन असताना साहेबांनी शिकवलं होतं, की सही थोडी वेगळी आली तर घाबरू नकोस, माणूस आहे, हात हलतो. पण नमुन्याच्या सहीवर ठेवल्यावर रेघ न् रेघ तंतोतंत जुळली तर मात्र उठून माझ्याकडे ये. एकच माणूस दोनदा हुबेहूब तशी सही करत नाही, ती खालून उजेड धरून गिरवलेली असते. व्हॅन सँटचा 'सायको' पाहिला तेव्हा मला साहेबच आठवले. बरं, जिथे बदल केला तिथे तरी नीट करावा! मूळ सिनेमात त्या मुलीला मालक 40 हजार डॉलर्स बँकेत ठेवायला देतो आणि ती ते घेऊन पळते. (बँकेत ठेवायला दिलेले पैसे! या जागी मला सुऱ्यापेक्षाही जास्त कळ येते.) नव्या सिनेमात त्याचे 4 लाख केले. अहो, 1960 ते 1998 मध्ये अमेरिकेतली महागाई वाढली साधारण साडेपाच पट. म्हणजे झाले 2 लाख 20 हजार. उरलेले 1 लाख 80 हजार कोणत्या खात्यातून आले?

हे सगळं मनात घोळवत सुट्टीनंतर काउंटरवर बसलो. पुढे एक भाजीवाली मावशी. भरणा केला, त्यात पाचशेची एक नोट बनावट. नियम सरळ आहे. नोट परत द्यायची नाही, तिच्यावर शिक्का मारायचा, जप्त करायची, पावती द्यायची. बदली पैसे मिळत नाहीत. मी शिक्का मारला. मावशी म्हणाली, "साहेब, भाजी तर मी खरीच दिली होती."

तिला काय उत्तर द्यायचं ते मला वीस वर्षांच्या नोकरीत सापडलेलं नाही. पावतीवर सही करताना कन्येचं ताट उचलणं आठवलं. तिनेही जे आलं ते विश्वासाने घेतलं होतं, रात्रभर जागून त्याची पुरी किंमत मोजली होती, आणि मी शिक्का मारून मोकळा झालो होतो. पावतीसुद्धा दिली नव्हती.

आणि खरं सांगायचं तर नियमाच्या भाषेत व्हॅन सँटवर काही बालंट येत नाही. त्याने रीतसर हक्क घेऊन काम केलं, स्वतःचं नाव घातलं, हे आधीच्यावरून केलंय असं उघड सांगितलं. लपवाछपवी नसेल तर ती बनावट नोट कसली? ती तर 'ट्रू कॉपी' झाली. हिचकॉकने स्वतःचाच 1934 सालचा 'द मॅन हू न्यू टू मच' 1956 साली पुन्हा काढला होता, तेव्हा त्यालाही हे पाप वाटत नसावं. उलट मी ज्याच्या पाया पडतो त्या 'नोस्फेरातू'ची कुंडली काढा. 1922 सालचा जर्मन मूकपट, दिग्दर्शक मुर्नाऊ. गोष्ट ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'ची. परवानगी घेतली नाही, पैसे दिले नाहीत. ड्रॅक्युलाचं नाव बदलून ऑर्लोक केलं, लंडनचा पत्ता बदलून जर्मनीतला घातला. केवायसीत असलं काही सापडलं तर आम्ही खातं गोठवतो. आणि इतकं करून सुरुवातीच्या नामावळीत मूळ पुस्तकाचं नाव दिलं. म्हणजे घर फोडायचं आणि जाताना टेबलावर व्हिजिटिंग कार्ड ठेवायचं!

स्टोकर 1912 सालीच वारला होता. त्याच्या विधवेने, फ्लॉरेन्सबाईंनी, दावा लावला. सिनेमा कंपनीचं दिवाळं निघालेलं, तिच्याकडून मिळणार काय? 1925 साली कोर्टाने हुकूम दिला की सिनेमाच्या सगळ्या प्रती नष्ट करा. आता सांगा, बाईंचं काय चुकलं? नवऱ्याच्या मागे त्याची पुस्तकं एवढाच आधार. त्यावर कुणी परस्पर हात मारला तर तिने गप्प बसावं? पेन्शनच्या कागदांसाठी खेटे घालणाऱ्या बायका मी रोज काउंटरवर पाहतो. माझं मत बाईंच्या पारड्यात. पण तो हुकूम पुरता अमलात आला असता, तर अंधाऱ्या जिन्यावरून चढत जाणारी ऑर्लोकची ती सावली मला कधी दिसली नसती. काही प्रती परदेशात निसटल्या म्हणून ती उरली. बाई बरोबर होत्या आणि प्रती निसटल्या हे बरं झालं. या दोन्ही गोष्टी मी एकाच खात्यात कशा जमा करू? 1979 साली हर्झोगने 'नोस्फेरातू' पुन्हा काढला. 2024 साली एगर्सने काढला, तेव्हा 'अस्सल कलाकृतीला हात लावू नका' म्हणून बँकेच्या कँटीनमध्ये टेबल आपटणारा मीच होतो.

जॉन कार्पेंटरच्या 'द थिंग'चंही तेच. तो 1982 सालचा. 1951 साली त्याच गोष्टीवर एक सिनेमा येऊन गेला होता. नवा आला तेव्हा टीकाकारांनी झोडपला, लोकांनी पाठ फिरवली. आज तो अस्सल ठरलाय आणि आम्ही त्याचे राखणदार. म्हणजे अस्सलपणासुद्धा मुदत ठेवीसारखा पिकावा लागतो की काय, कोण जाणे. पिकत नाहीत असेही पुष्कळ आहेत. सगळ्यांनाच मी माफी देणार नाही. 1 लाख 80 हजारांचा फरक मी अजून विसरलेलो नाही.

रविवारी दादाला फोन लावला. तो नागपूरला असतो. म्हटलं, आपल्या बाजूचा एक तरी साक्षीदार असावा.

"दादा, तुला ती 'सायको'ची कॅसेट आठवते?"

"आठवते तर! भयंकर कॅसेट होती. चित्र सारखं वर पळत होतं. आणि शेवटी कुणाच्या तरी मुंजीचं शूटिंग."

मुंज मी विसरलोच होतो. लायब्ररीवाल्याने कॅसेटवरून कॅसेट, त्यावरून आणखी कॅसेट उतरवून, मुंजीच्या शूटिंगवर चढवलेली ती प्रत. परवानगीचा प्रश्न तर फ्लॉरेन्सबाईंनाही विचारावा लागला नसता. मी उगाच घसा खाकरला.

"पण न्हाणीघरातला तो सीन!"

"तो मी पाहिलाच नाही," दादा म्हणाला. "संगीत सुरू झालं तसं मी काकूंच्या पाठीमागे तोंड लपवलं. नंतर वाड्यात सगळे बोलायचे त्यावरून कळलं. मध्ये टीव्हीवर रंगीत लागला होता, तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. चांगला आहे की."

"मग तू महिनाभर बाहेर उभा राहून पाढे म्हणायचास ते?"

"अरे, तू आत, आई देवळात, बाबा कचेरीत. माजघरात एकटं कोण बसणार? तुझ्या तांब्याचा आवाज तरी यायचा."

संध्याकाळी कन्येचा होस्टेलवरून फोन आला. मी तिला विचारलं की तुझ्या त्या 'सायको'त, नेमकं कुठल्या क्षणी तुला भीती वाटली. तिने सांगायला सुरुवात केली. वीस मिनिटं सांगत होती. मी मध्ये एकदाच बोललो, 4 लाखांबद्दल.