विकत घेतलेला घांस

पंगतींतून उठतांना "अन्नदाता सुखी भव" असें म्हणण्याची चाल आमच्या समाजांत पुष्कळ जुनी आहे. हे शब्द उच्चारणाराच्या मनांत दर वेळीं कृतज्ञता दाटून येत असे, असें आम्ही म्हणत नाहीं. बहुतेकांचें लक्ष त्या वेळीं विड्याकडे लागलेलें असे. तथापि ज्याचें अन्न खाल्लें त्याचें आपण कांहीं तरी देणें लागतों, एवढी जाणीव त्या तीन शब्दांत सांठवलेली होती. उपाहारगृहांतून उठतांना हे शब्द कोणाच्या तोंडीं येत नाहींत. तेथें बिल येतें, तें चुकतें होतें, आणि बडीशेप तोंडांत टाकून आपण रस्त्याला लागतों. तेव्हां प्रश्न असा उत्पन्न होतो कीं, अन्नाचें दाम मोजल्यानें अन्नाचें ऋण फिटतें काय?

एके काळीं बाहेर खाणें हा प्रवासांतला आपद्धर्म होता, नाहीं तर तरुणांची चोरटी चैन होती. आतां रविवारीं संध्याकाळीं मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबानें बाहेर जेवावें हें जवळ जवळ गृहीतच धरलेलें असतें, आणि तें जेवण उडप्याच्या डोशावर किंवा पंजाबी भाजीवर थांबत नाहीं. जपानी सुशी, कोरियन किमची, थाई रस्सा, तैवानांत १९८० नंतरच्या दशकांत निघालेला साबुदाण्यासारख्या टपोऱ्या गोळ्यांचा चहा, हीं नांवें घरांतल्या मुलांना पाठ असतात. दोन काड्यांनीं शेवया कशा उचलाव्या हें नातू आजोबांना शिकवितो. या परक्या चवींविषयीं आमची तक्रार नाहीं. ज्या समाजानें दक्षिण अमेरिकेंतल्या कंदाचा साबुदाणा उपवासाला चालवून घेतला, त्यानें कोरियन लोणच्यावर नाक मुरडणें शोभत नाहीं. आमचा प्रश्न चवीचा नसून देण्याघेण्याचा आहे.

अन्न विकणें हेंच आमच्या पूर्वजांना निंद्य वाटे. महाभारताच्या वनपर्वांत कलियुगाचीं जीं लक्षणें सांगितलीं आहेत, त्यांत लोक अन्न विकूं लागतील हें एक आहे, असा टीकाकारांनीं अर्थ केला आहे. या निंदेच्या मुळाशीं एक खरा विचार होता. दिलेलें अन्न दोन माणसांना बांधतें, विकलेलें अन्न त्यांना मोकळें करतें. यजमान व पाहुणा यांच्यामध्यें जेवणानंतरही कांहीं शिल्लक राहतें. दुकानदार व गिऱ्हाईक यांच्यामध्यें हिशेब संपला कीं सर्वच संपतें.

परंतु हें बंधन कोणाला जवळ करीत होतें आणि कोणाला बाहेर ठेवीत होतें, हेंही पाहिलें पाहिजे. पंगतींत कोणीं कोठें बसावें, कोणाचें पान ओसरीवर मांडावें आणि कोणाला अंगणाबाहेरूनच वाढावें, हें तोच अन्नदाता ठरवीत असे. १८९० सालच्या पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाचें प्रकरण वाचकांना ठाऊक असेलच. गोपाळराव जोशी यांनीं तेथें जमलेल्यांचीं नांवें प्रसिद्ध करविलीं, ग्रामण्य उभें राहिलें, आणि पुढें न्यायमूर्ति रानड्यांसारख्या पुरुषालाही प्रायश्चित्त घ्यावें लागलें. तो चहा विकतचा नव्हता, आतिथ्याचा होता. आणि आतिथ्य कोणाचें स्वीकारलें हाच तर गुन्हा ठरला.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे इराण्याच्या हॉटेलाची योग्यता कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं यझ्द, केरमान या भागांतून मुंबईस आलेल्या इराण्यांनीं रस्त्यांच्या नाक्यांवर दुकानें थाटलीं. कोपऱ्याची जागा हिंदु व्यापारी अशुभ मानीत म्हणून ती यांना सहज मिळाली, असें सांगतात. खरें कारण कांहीं असो. दोन रस्त्यांना उघडें असलेलें तें दुकान कोणालाही दिसे आणि कोणालाही त्यांत शिरतां येई. धोबीतलावावरचें कयानी १९०४ सालचें, बॅलार्ड इस्टेटमधलें ब्रिटानिया १९२३ सालचें, पुण्याचें गुडलक १९३५ सालचें. संगमरवरी टेबलें, वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, बरण्यांतलीं बिस्किटें, ब्रून-मस्का आणि पानी-कम चहा. उन्हाळ्यांत ज्या फालुद्यावर मुंबईकर तुटून पडतो तोही मूळचा इराणचाच. त्या टेबलांवर गिरणींतला कामगार, कचेरींतला कारकून आणि परीक्षेला आलेला विद्यार्थी शेजारीं शेजारीं बसत, आणि एकमेकांचें आडनांव विचारण्याचें त्यांना कारण पडत नसे. 'ब्राह्मणांचें उपाहारगृह' अशा पाट्या त्याच काळीं राजरोस झळकत असतां इराण्याच्या गल्ल्यावर प्रश्न होता तो फक्त पैशांचा. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत, दुकानें व सार्वजनिक उपाहारगृहें यांत जाण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला आडकाठी होऊं नये असें स्पष्ट लिहावें लागलें, आणि १९५५ सालच्या कायद्यानें अशा आडकाठीला शिक्षा जोडावी लागली. राज्यघटनेसारख्या गंभीर ग्रंथांत उपाहारगृहाचें नांव आलेलें पाहून ज्याला हसूं येईल, त्याच्यावर दाराबाहेर उभें राहून वेगळ्या कपांतून चहा पिण्याचा प्रसंग कधीं आलेला नाहीं, एवढेंच आम्ही म्हणूं.

म्हणून अन्नविक्रयाला सरसकट दोष देणारांच्या पक्षाला आम्ही जाऊं शकत नाहीं. विक्रीमुळें कृतज्ञता आटली हें त्यांचें म्हणणेंही आम्हांस पटत नाहीं. घरांत तर अन्न विकलें जात नाहीं ना? जी बाई वर्षानुवर्षें दोन्ही वेळां सर्वांना ऊन ऊन वाढून मग स्वतः गार झालेलें जेवते, तिला तिच्या घरांत आभाराचे शब्द किती वेळां ऐकूं येतात? भाजींत मीठ कमी पडल्याचें मात्र तिला न चुकतां कळविण्यांत येतें. रविवारच्या त्या बाहेरच्या जेवणाचा हट्ट पुष्कळ घरांत मुलांच्या नांवानें होतो. परंतु आठवड्यांतून एकदां तरी आपल्या पुढ्यांत कोणी दुसऱ्यानें ताट आणून ठेवावें हा त्यांतला खरा सुखाचा भाग कोणाचा, हें जाणत्यांनीं जाणावें.

आतां दुसरी बाजू. गिऱ्हाईक कोण हें विचारण्याचें पैशानें बंद केलें, तें चांगलें झालें. पण त्याच पैशानें रांधणारा कोण, वाढणारा कोण, हें विचारण्याचेंही बंद केलें. "पैसे मोजले आहेत" हें वाक्य आमच्याकडे फार गोष्टींचें समर्थन करतें: चुटकी वाजवून बोलावणें, बापाच्या वयाच्या माणसाला अरेतुरे करणें, पाणी यायला उशीर झाला म्हणून चार टेबलांना ऐकूं जाईल असा पाणउतारा करणें. हॉटेलांतला 'बारक्या' तर आमच्या वाङ्मयांतही विनोदाचें पात्र होऊन बसला. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत कामाला ठेवण्यास कायद्यानें मनाई झाली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. तोंवर पिढ्यान्‌पिढ्या तो मुलगा फडकें घेऊन टेबलाशीं उभा होता, आणि त्याच टेबलाशीं सुशिक्षित आईबाप त्याच्याच वयाच्या आपल्या मुलाला, टाकूं नकोस, संपव, म्हणून आइस्क्रीम भरवीत होते.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत असा भेद केला आहे कीं, ज्याच्या जागीं त्याच्याच तोलाचें दुसरें कांहीं ठेवतां येतें त्याला किंमत असते, आणि ज्याच्या जागीं कांहींच ठेवतां येत नाहीं त्याला किंमत नसून प्रतिष्ठा असते. बिलावर मस्का-पावाची किंमत लिहिलेली असते. तो आणून देणाऱ्या माणसाचा त्या कागदांत कोठेंही उल्लेख नसतो, आणि म्हणून त्याच्याशीं कसें वागावें हें त्या कागदावरून ठरवितां येत नाहीं.

हें वेगळेपण व्यवहारांत कसें राखतां येतें, याचा एक नमुना जपानांत पाहावयास मिळतो. तेथें जेवण संपल्यावर 'गोचिसोसामा' म्हणण्याची रीत आहे. त्यांतील 'चिसो' याचा मूळ अर्थ धांवपळ. पाहुण्यासाठीं जिन्नस जमवितांना यजमानाची जी तारांबळ उडते तिची त्यांत आठवण आहे. महत्त्वाची गोष्ट ही कीं, हा शब्द घरच्या जेवणापुरताच राहिलेला नाहीं. रामेनच्या, म्हणजे रस्सा-शेवयांच्या, आठ-दहा खुर्च्यांच्या दुकानांतून उठतांनाही गिऱ्हाईक फळीपलीकडच्या आचाऱ्याला उद्देशून तोच शब्द म्हणतें. अशा कित्येक दुकानांत दाराशींच एक यंत्र असतें. त्यांत पैसे टाकून आधींच तिकीट घ्यावयाचें व तें आचाऱ्यापुढें ठेवावयाचें. म्हणजे व्यवहार पहिल्या घांसापूर्वींच पुरा होतो. उठतांना देणें असें कांहीं उरलेलें नसतें, आणि तरीही जातां जातां तो शब्द उच्चारला जातो. दाम आणि ऋण हीं दोन निराळीं खातीं आहेत, हें इतकें स्पष्ट दाखविणारी दुसरी चाल आम्हांस ठाऊक नाहीं. बक्षिसीची तेथें पद्धत नाहीं. टेबलावर ठेवलेले पैसे आपण विसरलों असें समजून कोणी मागून धांवत येण्याचाच संभव अधिक. (आमच्याकडे मात्र बक्षिसी बंद करण्याचा उपदेश आम्ही करणार नाहीं. पगार अपुरा असतांना तसें करणें म्हणजे कृपणपणाला तत्त्वज्ञानाचा अंगरखा चढविणें होय.)

पण शब्दांवर फार भिस्त ठेवतां येत नाहीं, हेंही तोच देश शिकवितो. गिऱ्हाईक म्हणजे देव, अशी एक म्हण तेथें रूढ आहे. मुळांत ती एका गायकानें आपल्या श्रोत्यांविषयीं काढलेली. पुढें दुकानांतल्या उद्धट गिऱ्हाइकांनीं ती उचलली. अखेर गिऱ्हाइकांकडून नोकरांचा होणारा छळ थांबविण्यासाठीं टोकियोला स्वतंत्र नियम करावा लागला व तो एप्रिल २०२५ पासून अमलांत आला. आमच्याकडेही 'अतिथि देवो भव' हें वचन हॉटेलांच्या जाहिरातींत सर्रास वापरतात. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. सात वाजतांचें टेबल राखून ठेवून साडेसातला येणाऱ्या व उशिराचा जाब उलट विचारणाऱ्या गृहस्थाला हा शब्द लावणें ही संस्कृत भाषेची चेष्टा आहे.

शब्दाहून कृतीची कसोटी अधिक कडक, आणि ती उष्ट्या ताटापाशीं लागते. सिंगापुरांत रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना १९७१ ते १९८६ या काळांत सरकारनें बांधलेल्या केंद्रांत आणून बसविलें. तेथें एका छपराखालीं चिनी कोंबडी-भात, मलाय साटे आणि तामिळ मुसलमानांचा पराठा मिळतो; जेवणानंतर बर्फाच्या चुऱ्यावर गोड शिजविलेलें लाल कडधान्य व रंगीत पाक घातलेलें आइस कचांग मिळतें. टेबलें सामाईक असतात, अनोळखी माणसें एकमेकांशेजारीं बसून जेवतात. २०२० सालीं युनेस्कोनें या रीतीची मानवजातीच्या वारशांत नोंद केली. पण याच ठिकाणीं उष्टीं ताटें टेबलावर तशींच सोडून जाण्याची संवय इतकी पक्की होती कीं, सप्टेंबर २०२१ पासून तेथील सरकारला ताकीद व पुन्हां तसें केल्यास दंड अशी तजवीज करावी लागली. त्या वेळीं लोकांनीं घेतलेला एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे. आम्हींच ताटें उचललीं, तर तें काम करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या पोटावर पाय येईल, असा तो आक्षेप.

हा युक्तिवाद मराठी कानाला अनोळखी वाटूं नये. उष्टें कोणीं काढावें हा प्रश्न आमच्याकडे निव्वळ स्वच्छतेचा कधींच नव्हता. घरांत तें काम बायकांचें, गांवांत ठराविक जातींचें; आणि त्यावरच त्यांचें पोट आहे असें सांगून तें त्यांच्या गळ्यांत कायमचें अडकविलें जाई. १९२७ सालीं महाडच्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लोकांना उष्टें व मेलेल्या जनावराचें मांस सोडून देण्यास सांगितलें, तें या दयेच्या युक्तिवादाला दिलेलें उत्तर होतें. टेबल पुसण्याची मजुरी बिलांत धरलेली असते हें आम्हांस मान्य आहे. ताटांत हात धुणें, चघळलेलीं हाडें व चुरगळलेले कागद टेबलक्लॉथवर पसरून ठेवणें आणि तें उचलणाऱ्याकडे न पाहतां फोनवर बोलत राहणें, याची मजुरी कोणत्याही बिलांत धरलेली नसते.

अलीकडे हा प्रश्न उपाहारगृहांतून निघून आमच्या दारांत आला आहे. जपानी सुशी असो कीं चिनी शेवया, पिशवी घेऊन एक तरुण जिना चढून येतो. त्याचें नांव फोनच्या पडद्यावर आपल्याला आधींच कळलेलें असतें. इराण्याच्या टेबलावर जी गोष्ट शंभर वर्षांपूर्वीं मिटली असें आपण समजत होतों, ती येथें पुन्हां उघडते. शहरांतल्या कित्येक इमारतींत अन्न पोंचविणारांनीं रहिवाशांची लिफ्ट वापरूं नये, मालाच्या लिफ्टनें किंवा जिन्यानें जावें, अशी सूचना लावलेली असते. ती सूचना सोसायटीच्या सभेंत ठरावानें मंजूर झालेली असते, आणि सभासदांपैकीं बहुतेक पदवीधर असतात. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो ठराव फिरून घेण्यास कोणत्याही सभासदाला एका अर्जापलीकडे कांहीं लागत नाहीं.