पिंपात काय होतं?

आमच्या घरात पाण्याला एक निळं पिंप होतं. मोरीला लागून. नळ दिवसाआड यायचा, तेव्हा पिंप हवंच. भंगारवाल्याकडून आणलेलं. वरचा कागद खरवडून काढलेला, नुसती गोंदाची काळपट खूण राहिलेली. आईनं विचारलं होतं, "दादा, काय होतं यात?" तो म्हणाला, "साबणाचं व्हतं मावशी. दोनदा धुवून घ्या, काय होत नाय." आम्ही दोनदा धुतलं आणि अकरा वर्षं त्यातलं पाणी प्यालो.

त्यानं काय झालं? माहीत नाही. हेच तर सांगायचंय. काही झालं असेल तर ते पिंपानं झालं की आणखी कशानं, हे आम्हाला कधीच कळणार नाही. आमच्याकडं आजार आला की म्हणतात, नशीब. ज्यानं तो कागद खरवडला त्यानं आमचं पाणी नासवलं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण आमची विचारायची जागा त्यानं खरवडून टाकली, एवढं नक्की.

मित्रांनो, प्रश्न दिसायला साधा आहे. माझ्या भिंतीपलीकडं काय साठवलंय, ते सुटलं तर माझ्या पोराबाळांचं काय होईल, हे मला कळणं हा माझा हक्क, की मालकाला वाटलं तर त्यानं करायचा उपकार? माल त्याचा, जागा त्याची, कुलूपही त्याचं. मग माझं काय? माझी फक्त हवा. आणि हवेला कुलूप नसतं.

भोपाळ सगळ्यांना ठाऊक आहे. १९८४ सालची २ डिसेंबरची रात्र. युनियन कार्बाइडच्या ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे ४० टन विषारी वायू बाहेर पडला. रस्त्यापलीकडं जयप्रकाश नगर, झोपड्यांची वस्ती. हजारो माणसं मेली. आपण ही गोष्ट आकड्यांनी सांगतो, आणि आकड्यांत एक गोष्ट राहून जाते. ओलं फडकं. नाकातोंडावर ओलं फडकं धरायचं, छाती फुटेस्तोवर पळायचं नाही, वारा कुठून येतोय ते बघून त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं. एवढं माहीत असतं तर कितीतरी जीव वाचले असते. माणसं पळाली. पळताना दम लागतो, दम लागला की श्वास खोल जातो. भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद केला. इस्पितळात डॉक्टरांना कंपनीकडून कळलं ते असं, की डोळ्यांची आग होते, अश्रुधुरासारखं आहे.

ओल्या फडक्याला किती पैसे पडतात? काहीच नाही. म्हणून मी म्हणतो, भोपाळचा गुन्हा नुसता गंजलेल्या नळांचा आणि बंद ठेवलेल्या शीतयंत्राचा नाही. तिथं पैसे वाचवले होते, हे समजतं. नफेखोरी आपल्याला नवी नाही. पण जे सांगायला दमडी लागत नव्हती तेही सांगितलं नाही, याचा हिशोब कुठल्या वहीत मांडायचा? १९८२ च्या मे महिन्यात कंपनीचेच अमेरिकेचे तज्ज्ञ येऊन कारखाना तपासून गेले होते, धोके कागदावर लिहून दिले होते. तो कागद वस्तीत आला नाही. त्याच वर्षी राजकुमार केसवानी नावाचा एक पत्रकार छोट्याशा हिंदी साप्ताहिकात ओरडून सांगत होता. छोट्या साप्ताहिकाचं कोण ऐकतो? (आपण हे चक्रमुद्रित अंक काढणारे, आपल्याला हे वेगळं सांगायला नको.)

यावर ठरलेलं उत्तर असतं. लोक घाबरतील. अडाणी लोकांना रसायनशास्त्र काय कळणार. हे उत्तर मी कुठं ऐकलंय? हो, फार जुनं आहे ते. तुम्हाला पेलणार नाही, म्हणून तुम्ही ऐकू नये. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं किंवा लाख वितळवून ओतायला सांगितलंय. शिसं आज जगातल्या घातक पदार्थांच्या यादीत आहे बरं का. थट्टा बाजूला ठेवू. तेव्हा म्हणायचे, ज्ञान पवित्र आहे, तुमच्यानं बाटेल. आता म्हणतात, माहिती नाजूक आहे, तुमच्यानं घबराट होईल. भाषा बदलली, दार तेच. आणि घाबरणं वाईट कुणी ठरवलं? साप निघाला तर घाबरलंच पाहिजे. घाबरायचा हक्कसुद्धा माणसाला आहे.

आता अमेरिकेकडं चला. तिथं इन्स्टिट्यूट नावाचं गाव आहे, वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, कनाव्हा नदीच्या खोऱ्यात. गावाचं नाव एका शाळेवरून पडलं. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या कॉलेजात घेत नव्हते म्हणून १८९१ साली त्यांच्यासाठी काढलेली वेगळी संस्था. वस्ती मुख्यतः काळ्यांची. आणि तिथंच युनियन कार्बाइडचा कारखाना, भोपाळचा तोच वायू, मिथाइल आयसोसायनेट, तयार करणारा आणि साठवणारा. कारखाने कुणाच्या अंगणात येतात हे तिकडं रंगानं ठरतं, इकडं जातीनं.

त्याच कंपनीसाठी त्याच राज्यात १९३०-३१ साली हॉक्स नेस्टचा बोगदा खणला होता. मजूर बहुतेक काळे. खडकात सिलिका. धूळ फुफ्फुसात बसून शेकडो मेले. चेर्नियॅक नावाच्या डॉक्टरनं पुढं अभ्यास करून ७६४ चा अंदाज मांडला. १९३६ च्या संसदीय चौकशीत साक्षी झाल्या. साहेब लोक बोगद्यात मुखवटे लावून यायचे, मजुरांना मुखवटे नव्हते. म्हणजे धोका माहीत होता. माहिती होती, फक्त ती तोंडं निवडून वाटलेली होती.

भोपाळनंतर इन्स्टिट्यूटची माणसं जागी झाली, संघटना बांधली. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की आमच्या शेजारी काय आहे आणि किती? कंपनी म्हणाली, भोपाळसारखं इथं होणार नाही. ११ ऑगस्ट १९८५ ला त्याच कारखान्यातून दुसरं एक विषारी रसायन सुटलं. शंभरावर माणसं इस्पितळात गेली आणि गावाला खबर उशिरा मिळाली. पुढच्या वर्षी, १७ ऑक्टोबर १९८६ ला, राष्ट्राध्यक्ष रेगननं कायद्यावर सही केली: आपत्कालीन नियोजन आणि समाजाचा जाणण्याचा हक्क. फिलाडेल्फिया शहरात असा नियम १९८१ लाच झाला होता, कामगार आणि वस्तीवाले एकत्र आले म्हणून. पण सगळ्या देशाला लागू व्हायला आपली माणसं मरावी लागली. हेही ध्यानात ठेवा. तो हक्क तिकडं पोचला तो भोपाळच्या प्रेतांवरून.

कायदा काय म्हणतो? घातक माल १०,००० पौंडांच्या, म्हणजे साडेचार टनांच्या वर साठवला, तर दरवर्षी १ मार्चपर्यंत यादी द्यायची. कोणता माल, किती, कुठं ठेवलाय. अतिघातक असेल तर ५०० पौंडांना, काहींना त्याहूनही कमी वजनाला. यादी जाते राज्याच्या आयोगाकडं, स्थानिक समितीकडं आणि अग्निशमन दलाकडं. गावातला कोणीही ती मागू शकतो. धंद्याचं गुपित म्हणून मालाचं नेमकं नाव झाकायची सोय ठेवलीय, पण इलाजासाठी डॉक्टरनं विचारलं तर द्यावंच लागतं. भोपाळच्या त्या रात्रीच्या डॉक्टरांची आठवण होते इथं.

याच कायद्याखाली कारखान्यांना हवेत-पाण्यात काय सोडलं तेही जाहीर करावं लागलं. १९८८ ला पहिले आकडे बाहेर यायचे होते, तेव्हा मोन्सँटो कंपनीच्या प्रमुखानं हवेत सोडायचं विष ९० टक्क्यांनी कमी करू असं जाहीर केलं. कायद्यानं कमी करा म्हटलं नव्हतं. नुसतं सांगा म्हटलं होतं. चारचौघांत सांगायची वेळ आली आणि आपोआप लाज वाटली. म्हणजे इतकी वर्षं कमी करता येत होतं!

पण मला इथं अडखळायला होतं. जाणून काय करायचं? घर बदलायला पैसा नाही, दुसरीकडं कोणी घर देत नाही. अशा माणसाच्या हातात यादी ठेवली तर तिचा अर्थ काय? उद्या मालक म्हणेल, आम्ही सांगितलं होतं, तुम्ही राहिलात. माहिती देऊन जबाबदारी आमच्याच डोक्यावर ठेवायची ही नवी तऱ्हा तर नव्हे? माझे एक मित्र म्हणतात, हक्क पाहिजे तो कारखाना हटवायचा, यादीचा कागद घेऊन चुलीत घालायचा का. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही.

इन्स्टिट्यूटमध्ये कायदा आल्यावरही तो वायू राहिलाच. कारखान्याचे मालक बदलत बायर कंपनीकडं आला. २८ ऑगस्ट २००८ च्या रात्री स्फोट झाला, दोन कामगार गेले, मिथाइल आयसोसायनेटची टाकी जवळच होती. मदतकेंद्रातून फोन गेला, काय फुटलंय? दारावरच्या रखवालदाराला सांगायची परवानगी नव्हती. कायदा होऊन २२ वर्षं झालेली. पुढं चौकशीतले कागद कंपनीनं सुरक्षेचं कारण देऊन झाकायला बघितले, आणि २००९ ला संसदेपुढं कंपनीच्या प्रमुखानं कबूल केलं, की बदनामी टाळणं हाही त्यात हेतू होता.

मग कायदा फुकट गेला? मी तसं म्हणणार नाही. २०११ ला तिथले रहिवासी कोर्टात गेले. न्यायाधीशानं तो वायू पुन्हा तयार करायला तात्पुरती मनाई केली, आणि मार्चमध्ये कंपनीनं नाद सोडला. पंचवीस वर्षं लागली. पण ते कोर्टात गेले तेव्हा "काहीतरी वास येतो साहेब" असं म्हणत गेले नाहीत. नाव घेऊन गेले. नाही म्हणायलासुद्धा आधी कशाला नाही म्हणतोय ते कळावं लागतं. माझ्या मित्राला माझं उत्तर एवढंच आहे, आणि ते अपुरं आहे हे मला माहीत आहे.

आपल्याकडं कागदावर कमी नाही. १९८७ ला कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन ४१-ब कलम आलं. धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला दिलीच पाहिजे, असं त्यात होतं. १९८९ ला घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम आले, जिल्हाधिकाऱ्यानं कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठी आपत्ती आराखडा करायचा असं ठरलं. आपल्यापैकी किती जणांनी तो बघितलाय? दर २० मार्चला आपण महाडला जातो, चवदार तळ्याला. पाण्याचा हक्क सांगायला. त्याच महाडच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. ३ नोव्हेंबर २०२३ ला तिथं एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, कामगार मेले. आपण तळ्याच्या पायऱ्या उतरतो, पाण्याला हात लावतो आणि एसटी धरतो. शेजारच्या गोदामात काय आहे हे आपण विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

विचारायला मी माझ्याच वस्तीपासून सुरुवात केली. एका कचेरीत गेलो. अर्ज लिहिला: आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावरच्या गोदामांत कोणती रसायनं, किती, आणि गळती झाली तर आम्ही कुठल्या बाजूला जायचं. कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. वर बघितलं. "तुमचा काय संबंध?"

माहितीच्या अधिकारात, २००५ च्या कायद्यात, कारण सांगायची सक्ती नाही, हे मला पाठ होतं. तरी तोंडातून निघालं, "मी तिथं राहतो."

"राहतात तर बरेच जण," तो म्हणाला. "तुमची कंपनी आहे का तिथं?"

मी अर्ज परत घेतला नाही. शिक्का मारून पोच द्या म्हटलं. जेवणाची सुट्टी झाली होती. मी बाकावर बसलो. बाकाच्या शेजारी पाण्याचं पिंप होतं, निळं, वरचा कागद खरवडलेला.