तो पुरुष कुठे होता?

जोयड्याच्या रानात एका वाडीपासून दुसरी वाडी चांगली लांब. मध्ये काळी नदीचं खोरं, नाहीतर दाट झाडी. तरी एखाद्या बाईचं पाऊल वाकडं पडल्याची बातमी संध्याकाळच्या आत सगळीकडे पोचते, आणि त्या बातमीत नाव असतं ते बाईचं. पुरुषाचं नाव मुद्दाम विचारलं तरच कळतं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 8व्या अध्यायातही शास्त्री आणि परूशी येशूपुढे आणतात ती एकटी बाई. ऐन व्यभिचारात धरली म्हणतात. मग तो पुरुष कुठे गेला? दाखला देतात मोशेच्या नियमशास्त्राचा, पण लेवीय 20:10 आणि अनुवाद 22:22 दोघांनाही मरणदंड सांगतात. ज्या नियमाच्या नावाने धोंडमार मागितली, तो नियमच त्यांनी अर्धा बाजूला ठेवला होता.

दाविदाची गोष्ट याहून जड जाते. राजाने बथशेबेला बोलावून घेतलं आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईच्या तोंडावर उभं करून मारवलं. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची कथा सांगितली, तेव्हा हाच दावीद संतापून त्या धनवानाला मरणाची शिक्षा ठरवून मोकळा झाला. तो माणूस आपणच, हे मागाहून कळलं. पाप कबूल केलं, आणि तो जगला. मेलं ते त्या दोघांचं तान्हं मूल. उरीया तर आधीच गेला होता. ही क्षमा मला आजही सहज पचत नाही, आणि बायबलही ती सोपी करून सांगत नाही.

योहानातला त्या बाईचा प्रसंग 4थ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत नाही. बहुतेक अभ्यासक तो नंतर जोडला गेला असं मानतात. संत ऑगस्टीनने मात्र 5व्या शतकात लिहिलं, की बायकांना मोकळीक मिळेल या धास्तीने काहींनी तो आपल्या प्रतींतून काढून टाकला असावा. त्याचा तर्क खरा असो-नसो, ती धास्ती खरी आहे. आपल्या अंगणातही ती भेटते.

येशूने त्या बाईला दोषी ठरवलं नाही; यापुढे पाप करू नको, हेही सांगितलं. ती निघाली. पण गेली कुठे? हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी हाती घेतला, असं मला वाटतं. 1883मध्ये इंग्लंडला गेलेल्या रमाबाईंनी फुलहॅमला ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या बायकांना सिस्टर सांभाळताना पाहिलं, आणि हे कशाच्या बळावर करता, असं विचारलं. सिस्टरने त्यांना योहानाच्या 4थ्या अध्यायातली शोमरोनी बाई वाचून दाखवली. पाच नवरे झालेली आणि आता लग्नाशिवाय एकाबरोबर राहणारी. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी अशा बायकांसाठी कृपा सदन काढलं. निजायला जागा, पोटाला अन्न, हाताला काम.

आपल्या वाडीत अशी बाई माहेरी परत आली, तर भातलावणीला तिला बोलावणारं पहिलं घर कुणाचं असेल?