घाट, भराव आणि भिंत

जुन्या वास्तू म्हणजे गावाची स्मरणशक्ती, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु माणसाप्रमाणेच दगडांचेही स्मरण निवडक असते, हे आपल्या ध्यानी येत नाही. कोणाचे नाव राहावे आणि कोणाचे विसरले जावे, हे पायाभरणीच्या दिवशीच बहुधा ठरून गेलेले असते.

गोदाकाठच्या पुणतांब्याचेच पाहू. येथे योगी चांगदेवांची समाधी आहे आणि अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेला घाटही आहे. १७६७ ते १७९५ या काळात राज्यकारभार पाहणाऱ्या या लोकमातेने आपल्या राज्याबाहेरही ठिकठिकाणी घाट, विहिरी व धर्मशाळा उभारल्या. सत्ता सेवेसाठी असते, याची साक्ष त्या पायऱ्या देतात.

याच पुणतांब्यावरून दौंड–मनमाड लोहमार्ग जातो. तो १८७८ साली सुरू झाला. त्या वेळी दख्खन १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात होरपळत होते आणि या मार्गाचे मातीकाम दुष्काळी कामावर आलेल्या भुकेल्या हातांनी केले. घाटाला राणीचे नाव आहे, भरावाला कोणाचेच नाही. आम्हांस मात्र तो भराव घाटाइतकाच ऐतिहासिक वाटतो. त्याच सुमारास केंदळ येथे येशूसंघीय धर्मगुरूंचे कार्य सुरू झाले. म्हणजे या जिल्ह्यातील आपल्या ख्रिस्तसभेचा आरंभ आणि तो भराव, दोन्ही एकाच काळातले.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या मंदिरांच्या उंबरठ्याबाहेर आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना थांबावे लागले, त्यांच्या जतनाची आपण चिंता का वाहावी? याच गोदावरीच्या काठी, नाशिकला, २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही. हे दुःख ज्यांच्या घरात आहे, त्यांना वारशाचा अभिमान बाळगण्याचा उपदेश करणे आम्हांस उद्धटपणाचे वाटते.

तरीही वास्तू जपावी, असेच आम्ही म्हणू. अभिमान वाटो वा न वाटो, सत्याचे ऋण सर्वांवरच असते. बंद राहिलेले दार नाहीसे झाले, तर ते बंद होते याचा पुरावाही नाहीसा होतो. शिवाय ज्यांना आत प्रवेश नव्हता, त्यांच्या घामावाचून दगड खाणीतून शिखरापर्यंत कसा पोहोचला असता? त्या श्रमांच्या नात्याने ती वास्तू त्यांचीही आहे.

हीच फूटपट्टी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. तमिळनाडूतील वडक्कनकुळम येथील चर्चमध्ये वेगवेगळ्या जातींच्या भाविकांसाठी दोन वेगळे भाग होते आणि मध्ये भिंत होती. एकाच वेदीसमोर बसूनही भाविक एकमेकांपासून तोडलेले होते. ती भिंत १९१० साली पाडण्यात आली. ख्रिस्ताने माणसामाणसांतील आडभिंत पाडली, असे संत पौल इफिसकरांस सांगतात. तोच संदेश ऐकणाऱ्यांनी पुन्हा भिंत बांधावी, यापरते दुर्दैव कोणते?

चांगदेवांची कथा आपण सारे जाणतो. ते वाघावर स्वार होऊन आले, तेव्हा भिंतीवर बसलेली ज्ञानेश्वरादी भावंडे त्या भिंतीसह सामोरी गेली. चमत्काराची चर्चा विद्वानांनी करावी. आम्हांस त्यात एवढेच दिसते की, अडविण्यासाठी बांधलेली भिंतही स्वागतासाठी पुढे सरकू शकते, ही आशा मराठी मनाने शतकानुशतके जपली आहे.

म्हणून मुलांना घाट दाखवा, तसा भरावही दाखवा. कोणी बांधले आणि कोण बाहेर राहिले, हे दोन्ही प्रश्न त्यांना विचारू द्या. आणि आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांच्या नावांआधी, ज्यांनी डोक्यावरून दगड वाहिले त्यांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. सांगणारे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.