पुरुष कोणाला म्हणायचे?



आज झावळ्यांचा रविवार. येत्या शुक्रवारी दुपारी आपण संत योहानाने लिहिलेला प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त ऐकू. त्यातल्या एका प्रसंगापाशी यंदा सर्वांनी, आणि विशेषतः पुरुषमंडळींनी, थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे. फटके मारून झाले आहेत. डोक्यावर काट्यांचा मुकुट आणि अंगावर जांभळा झगा घातलेल्या येशूला पिलात बाहेर आणतो आणि जमावाला सांगतो की हा माणूस पाहा. एवढेच सांगतो. पण सांगणारा रोमन अधिकारी आहे, आणि पुरुष कोणाला म्हणायचे याविषयी रोमन लोकांची मते फार पक्की होती. ती मते ठाऊक असली की पिलाताच्या बोलण्यातली बोच कळते.

हे ग्रीक-रोमन जग आपल्याला वाटते तितके लांबचे नाही. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे समुद्रमार्गांचे पुस्तक लिहिले. त्यात आपल्या सोपाऱ्याचे नाव 'सुप्पारा' असे आले आहे. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलातही सोपारा आहे. म्हणजे ज्या शतकात संत पौल पत्रे लिहीत गावोगाव फिरत होता, त्याच शतकात ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यांना आपला किनारा ठाऊक होता. भाषेचे नाते तर त्याहून जुने आहे. लॅटिनमध्ये पुरुषाला 'विर' म्हणत. आपला 'वीर' आणि त्यांचा 'विर' हे सख्खे भाऊ. त्या 'विर'वरून 'विर्तुस' हा शब्द आला. मूळ अर्थ पुरुषपणा, त्यातही रणांगणावरचे शौर्य. पुढे कोणत्याही सद्गुणाला तो लागू झाला आणि इंग्रजीत 'व्हर्च्यू' झाला. ग्रीकांचेही तसेच. पुरुष म्हणजे 'आनेर', आणि शौर्य म्हणजे 'आंद्रेइया', शब्दशः पुरुषपणा. शौर्याचा शब्दच असा म्हटल्यावर शूर बाईलाही पुरुषासारखी म्हटले जाई. हसू नका. 'बायकांसारखा रडतोस काय?' आणि 'हातात बांगड्या भरल्यात काय?' ही वाक्ये आपल्या आळीत अजून दर आठवड्याला ऐकू येतात.

रडण्यावरूनच पाहू. होमरच्या महाकाव्यातला अकिलीस हा ग्रीकांचा सर्वात मोठा योद्धा. तो मित्रासाठी धाय मोकलून रडतो. ज्याच्या मुलाला त्याने मारले तो म्हातारा राजा प्रायम भेटायला येतो, तेव्हा दोघेही रडतात, एक वडिलांच्या आठवणीने आणि दुसरा मुलाच्या. त्यामुळे अकिलीसच्या पुरुषपणाला कोणी बट्टा लावला नाही. पण पुढे अथेन्समध्ये प्लेटो म्हणू लागला की वीरांची असली रडगाणी मुलांना शिकवू नयेत, ती मऊ होतील. इसवी सनापूर्वी 399 मध्ये सॉक्रेटिसने विषाचा पेला प्यायला. मित्रांना रडू आवरेना, तेव्हा याचसाठी तर बायकांना घरी पाठवले होते, असे म्हणून त्याने त्यांना दटावले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना सॉक्रेटिसवर माझा जीव जडला तो आजही तसाच आहे, परंतु या एका जागी मला अकिलीस जवळचा वाटतो.

आता शुभवर्तमान उघडा. येशू लाजरसच्या कबरेपाशी सर्वांच्या देखत रडतो. गेथसेमनीत तो घाबरतो, आणि घाबरलो आहे हे मित्रांपासून लपवीत नाही. ग्रीक शिक्षण घेतलेल्या माणसाला हे मुळीच पचत नव्हते. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या विद्वानाने ख्रिस्ती लोकांची थट्टा करताना नेमके गेथसेमनीवर बोट ठेवले. जो देव म्हणवतो तो मरणाच्या भीतीने असा आक्रोश का करील, असा त्याचा सवाल होता. ओरिजेनने तिसऱ्या शतकात त्याला सविस्तर उत्तर दिले. पण मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. अशी थट्टा होणार हे दिसत असतानाही चारही शुभवर्तमानकारांपैकी एकालाही आपला प्रभू थोडा अधिक 'मर्द' करून रंगवावा असे वाटले नाही.

रोमन पुरुषाची खूण आणखी एक होती. त्याच्या अंगाला कोणी हात लावू शकत नसे. रोमन नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणे कायद्याविरुद्ध होते. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाला जेरुसलेममध्ये चाबकासाठी बांधतात, तेव्हा तो फक्त आपण रोमन नागरिक आहोत एवढे सांगतो आणि अधिकाऱ्याची गाळण उडते. फटके गुलामाला. क्रूस गुलामाला आणि बंडखोराला. ज्याच्या पाठीवर वळ आहेत, ज्याचे कपडे दुसऱ्याने उतरवले, ज्याला शिपाई थोबाडीत मारतात आणि जो उलटून हात उचलत नाही, तो रोमन हिशेबाने 'विर' उरतच नाही. म्हणून पिलाताचे बोलणे टोमण्यासारखे आहे. यालाच का तुम्ही राजा म्हणता? पण संत योहानाचा ग्रीक शब्द पाहा. तो 'आनेर' नाही, 'आंथ्रोपोस' आहे. लॅटिन भाषांतरातही 'विर' नाही, 'होमो' आहे. दोन्हींचा अर्थ माणूस. जगाने पुरुषपणाची एकेक खूण काढून घेतली, आणि उरला तो माणूस.

इथेच त्या जुन्या आदर्शातली खोट मला दिसते. ग्रीक आणि रोमन पुरुषपणा लोकांच्या डोळ्यांत राहत असे. चारचौघांनी मान्य केला तर तो आहे, त्यांनी तोंड फिरवले की गेला. जे असे एका क्षणात जाऊ शकते ते पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते, आणि सिद्ध कोणावर करायचे? बलवानावर करणे अवघड. म्हणून घरातल्या माणसांवर.

रोममध्ये घरातल्या बापाला मुलांवर जीव घेण्यापर्यंतचा अधिकार होता. मुलगा मोठा होऊन स्वतः बाप झाला तरी, म्हातारा जिवंत असेपर्यंत तो त्याच्याच अधिकाराखाली. रोमन लोक अभिमानाने ब्रूटसची कथा सांगत. रोमच्या प्रजासत्ताकाच्या या पहिल्या कॉन्सलची मुले हाकललेल्या राजाला परत आणण्याच्या कटात सापडली. बापाने त्यांना मृत्युदंड दिला आणि जागेवरून न हलता तो पाहिला. हा आदर्श बाप! याच्या शेजारी येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राचा बाप उभा करा. त्या काळी वयस्क, प्रतिष्ठित माणूस लोकांसमोर धावत नसे. धावावे नोकरांनी. हा म्हातारा मात्र मुलगा लांबवर दिसताच धावत सुटतो, गळ्यात पडतो, मुके घेतो. गाव काय म्हणेल याची त्याला आठवणही होत नाही.

इजिप्तच्या वाळूत सापडलेले एक पत्र आहे, इसवी सनापूर्वी 1 या वर्षाचे. हिलारिओन नावाचा माणूस कामासाठी अलेक्झांड्रियाला गेला आहे आणि गावी असलेल्या आलिस या आपल्या गरोदर पत्नीला लिहितो. काळजी करू नकोस, लहानग्याला जप, मजुरी हाती आली की लगेच पाठवतो, तुला मी कसा विसरेन? आखातात किंवा बोटीवर असलेल्या आपल्या एखाद्या माणसाचेच पत्र वाटावे. आणि त्याच मायेच्या ओळींमध्ये तो सांगतो की मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. हिलारिओन राक्षस नव्हता, हेच त्यातले भयंकर आहे. त्याच्या जगात हे साधे व्यवहारी बोलणे होते. त्या जगात पहिल्या ख्रिस्ती लोकांनी नवजात मुले टाकण्यास नकार दिला आणि त्यासाठी ते वेगळे ओळखले गेले. आपण हिलारिओनला नावे ठेवण्याआधी आपल्या महाराष्ट्राचे आकडे पाहावेत. सहा वर्षांपर्यंतच्या दर 1000 मुलग्यांमागे मुली 2001 च्या जनगणनेत 913 होत्या, 2011 मध्ये 894 झाल्या. गर्भलिंग निदानाविरुद्धचा केंद्राचा कायदा 1994 चा आहे. म्हणजे कायदा झाल्यावरही मुली कमीच झाल्या.

एक रोमन मात्र मला नेहमी विचारात पाडतो. थोरला कॅटो, इसवी सनापूर्वी 234 ते 149. अत्यंत करडा गृहस्थ. प्लुटार्कने त्याचे चरित्र लिहिले आहे. त्यात कॅटोचे असे मत नोंदले आहे की जो बायकोवर किंवा मुलावर हात उचलतो तो जगातल्या सर्वात पवित्र वस्तूवर हात उचलतो. बायको बाळाला अंघोळ घालीत असे तेव्हा तो शक्यतो काम सोडून तिथे हजर राही. घरात शिकलेला गुलाम असूनही मुलाला त्याने स्वतः अक्षरे शिकवली. आणि याच कॅटोने एका सरदाराला सिनेटमधून काढून टाकले, कारण त्याने दिवसाढवळ्या, मुलीच्या देखत, स्वतःच्या बायकोचा मुका घेतला होता! म्हाताऱ्या गुलामांना विकून टाकावे असाही त्याचा सल्ला होता. प्लुटार्कलाही ते आवडले नाही. कॅटोचा मऊपणा उंबऱ्याच्या आत होता. बाहेर तो दिसला की त्याला लाज वाटे. आपल्याकडे त्याचे बरेच नातेवाईक आहेत. मिस्सात शांतीचे अभिवादन करण्याची वेळ येते तेव्हा शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला हसून हात जोडणारे आणि पत्नीकडे वळताना छताकडे पाहणारे पुरुष मला वेदीवरून दिसतात.

पण कॅटोने एक गोष्ट केली नाही, आणि ती आपल्यातले काही करतात. हळदीच्या रात्री मित्रांनी आग्रह केला, नाही म्हटले तर बायकोला घाबरतो म्हणतील, म्हणून प्यायचे. घरी ती काही बोलली, तर आवाज खाली ठेव, लोक ऐकतील, म्हणून मारायचे. दोन्ही वेळा कारण एकच, लोक काय म्हणतील. ग्रीकांना तरी दारूवर ताबा नसलेला पुरुष हास्यास्पद वाटे. स्वतःला आवरता येत नाही तो दुसऱ्यावर काय राज्य करणार, असे ते विचारीत. आपण त्यांचा गर्व घेतला आणि संयम तिथेच ठेवला. कोणी म्हणेल, फादर, घरातल्या गोष्टी घरात राहू द्या. नाही राहू देणार. घरातल्या हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 2006 पासून लागू आहे, आणि ज्या बहिणीला मार बसतो तिने गप्प राहावे असे ख्रिस्तसभा सांगत नाही. इफिसकरांस पाठवलेल्या पत्रातले पत्नींनी पतीच्या अधीन असावे हे वाक्य आपल्या पुरुषांना तोंडपाठ असते. तीनच ओळी पुढे पौल पतींना सांगतो की ख्रिस्ताने ख्रिस्तसभेसाठी स्वतःला दिले तसे पत्नीवर प्रेम करा. ते पाठ असलेला मला क्वचितच भेटतो. पतींनी राज्य करावे हे त्या काळी सगळेच सांगत. पौलाने मरायला सांगितले.

शेवटी आपल्याच मातीतला एक पुरुष. गोन्सालो गार्सिया 1557 च्या सुमारास वसईत जन्मला, बाप पोर्तुगीज, आई इथली. जेज्विट धर्मगुरूंबरोबर तो जपानला गेला, जपानी शिकला, पुढे व्यापारात पडला आणि पैसा मिळवला. मग सारे सोडून मनिलात फ्रान्सिस्कन संघात शिरला, तोही पुरोहित म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून. दुसऱ्यांचे बोलणे दुसऱ्यांना समजावून सांगणे, दुभाष्याचे काम, हेच त्याचे मुख्य कार्य. ना तलवार, ना घरदार, ना वंश. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून त्याला इतरांबरोबर पकडले, क्योतोत डाव्या कानाचा तुकडा कापला, अपमान व्हावा म्हणून गावागावांतून मिरवत भर थंडीत नागासाकीला नेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारले. त्यांत 12 वर्षांचा एक मुलगाही होता. रोमन मापाने यांतला एकही पुरुष ठरत नाही. 8 जून 1862 रोजी परमगुरुस्वामी नववे पायस यांनी या सर्वांना संत म्हणून घोषित केले. आपल्या मुलांना आपण गोन्सालो हे नाव ठेवतो, त्याच्या नावाने वसईत कॉलेज आहे. पण मुलगा रडत घरी आला की त्याला गोन्सालोची गोष्ट सांगतो की बांगड्यांची?

येत्या पवित्र गुरुवारी प्रभूने केले ते आपण वेदीसमोर करू. पाय धुणे हे गुलामाचे काम होते, म्हणून तर पेत्र संकोचला. आपल्याकडे उलटा संकोच आहे. पाय धुऊन घ्यायला दरवर्षी पुरुष पुढे येत नाहीत. कोणी म्हणतो, फादर, वाडीत काम करून पायांना भेगा पडल्यात, लोकांसमोर कसे दाखवू? यंदा त्या संध्याकाळी, मिस्साहून घरी गेल्यावर, प्रत्येक पतीने एक तांब्या पाणी आणि टॉवेल घेऊन पत्नीचे पाय धुवावेत असेही मी सुचवतो. मुलांसमोर. देवळात पाय धुण्यासाठी बारा जणांची नावे मंगळवार संध्याकाळपर्यंत सॅक्रिस्टीत द्यावीत. भेगा असल्या तरी चालतील.

तुमचा धर्मगुरू