पाकिटातलं दान

हातकागदाचा जाड, खरखरीत तुकडा दुमडायचा, घडीवर पट्टी दाबून फिरवायची, दोन कडांना खळ लावायची आणि गिफ्ट कार्ड बसेल एवढा कप्पा ठेवायचा. कार्डातली रक्कम तेवढीच राहते. मग या खटाटोपाने भेटीत काय वाढतं?

गीतेच्या सतराव्या अध्यायात याचं उत्तर सापडतं. परतफेडीची अपेक्षा न ठेवता योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेलं दान सात्त्विक, फळावर डोळा ठेवून दिलेलं राजस; आणि सत्काराविना, अवहेलनेने दिलेलं तामस. देण्याची रीत हा दानाचाच भाग ठरतो.

फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये मांडलं, की भेटीसोबत देणाऱ्याचा अंश जातो आणि घेणाऱ्यावर परतफेडीचं बंधन येतं. लग्नघरातल्या आहेराच्या वह्या पाहिल्या, की हे पटतं. पण वहीत नाव आणि आकडा चढतो. पाकिटामागची मेहनत कुणी मांडत नाही. तेवढा भाग तरी सात्त्विक म्हणायला हवा.